आभाळाशी ताळा

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं इंग्लिश मीडियम. मराठी होतं, पण मार्कांपुरतं, आणि तेही गाईड पाठ करून. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९ हे ठरवायला मला अजून दोन सेकंद लागतात. त्यामुळे मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे असं सांगण्यात आलं तेव्हा घाम फुटला. त्यात मी पारनेरची. पारनेर म्हटलं की सगळ्यांना सेनापती बापट आठवतात, आणि ते बरोबरच आहे, १८८० साली ते आमच्याच गावात जन्मले. पण बापटांवर आमच्या गावातलं पाचवीतलं पोरगंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं भाषण ठोकतं. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते आमच्या गावचे नव्हेत. कोकणात जन्मलेले, बदल्या होतील तिथे फिरलेले एक मास्तर. नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांची माझी ओळख झाली ती मी केलेल्या एका खोटेपणामुळे.

झालं असं. २०२५ च्या १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली आणि मी घरी गेले. माझे आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. पहाटे साडेचारला उठायची सवय अजून आहे, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या दिवसांत शुक्र आणि गुरू पहाटे पूर्वेला जवळजवळ आले होते. १२ ऑगस्टला तर दोघांत एक अंशाचंही अंतर नव्हतं. आजोबांना हे ठाऊक होतं, दिसत मात्र नव्हतं. म्हणून त्यांनी मला काम दिलं. पहाटे गच्चीवर जायचं, हात लांब करून दोघांत किती बोटं मावतात ते मोजायचं आणि त्यांना सांगायचं. मी अर्थातच झोपले. साडेसातला उठून मोबाइलवरचं ॲप उघडलं, त्यात पाहिलं आणि चहा पिता पिता सांगून मोकळी झाले, की दोन्ही दिसले, शुक्र खाली, गुरू वर, अंतर तीन बोटं.

आजोबा काही बोलले नाहीत. नंतर आईने सांगितलं, की पहाटेपासून पावसाची रिपरिप चालू होती आणि आजोबा साडेचारपासून ओसरीवर बसून होते. मोतीबिंदू असला म्हणून काय झालं, पत्र्यावरचा पाऊस ऐकायला डोळे लागत नाहीत!

खरं सांगायचं तर ही सवय मला इंजिनीअरिंगनेच लावली. मी सिव्हिलची. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपने लेव्हल लावून चार स्टेशनची रीडिंग्ज घेतली, ऊन वाढलं, आणि उरलेली रीडिंग्ज आम्ही कँटीनमध्ये बसून उलटी काढली. अरिथमेटिक चेक घेतला तर फरक अगदी शून्य! जर्नलवर सही झाली. हा पराक्रम मी आजोबांना पूर्वी हसत हसत सांगितला होता. तेव्हा त्यांनी मला एक शब्द शिकवला, ताळा. गणिताचं उत्तर आलं की ते दुसऱ्या बाजूने तपासून पाहायचं, तो ताळा. आमच्या जर्नलात बेरजेचा ताळा बेरजेशी जमला होता. जमिनीशी कोणी जमवून पाहिलाच नव्हता.

त्या दुपारी आजोबांनी लोखंडी पेटीतून एक जुनं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. लेखक शं. बा. दीक्षित. पहिलं पान वाचायला मला अर्धा तास लागला. एक घटका म्हणजे २४ मिनिटं हेही तेव्हाच कळलं. म्हणजे दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं, आपलं एक लेक्चर. पुस्तक सुट्टीत संपलं नाही. ते मी होस्टेलला घेऊन आले, आणि मग पुस्तकापेक्षा लिहिणाऱ्या माणसाचीच जास्त ओढ लागली.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, मी आधी तिथेच घोटाळा केला होता.) महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले तेही याच मुरूडला. दीक्षित गावातच मराठी शाळेत शिकले, थोडे दिवस दापोलीला उमेदवारी केली, आणि १८७० मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. ट्रेनिंग कॉलेज म्हणजे मास्तर तयार करण्याचं कॉलेज, हल्लीचं डी.एड. म्हणा. १८७४ च्या सुमारास मॅट्रिक झाले. बस्स, एवढंच शिक्षण! बी.ए. नाही, कुठल्या वेधशाळेत नोकरी नाही, परदेश नाही. आपल्याकडे एखाद्याचं चरित्र सांगताना पदव्यांची माळ लावायची पद्धत आहे. इथे माळेत मणीच दोन.

मग नोकरी. रेवदंड्याच्या मराठी शाळेत हेडमास्तर, तिथून ठाणे, १८८२ पासून सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, १८८९ पासून धुळ्याचं ट्रेनिंग कॉलेज, आणि १८९४ ला पुन्हा पुणे, जिथे स्वतः शिकले त्याच ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून. दिवसभर मुलांचा पाढा आणि शुद्धलेखन. उरलेल्या वेळात आभाळ. सुरुवातीची पुस्तकंही शाळकरी मुलांसाठीच, १८७६ चं 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' आणि १८८२ चं 'सृष्टचमत्कार'. बार्शीत त्यांची सहा-सात वर्षं गेली. मी बार्शी पाहिलेली नाही, पण तोही आमच्या पारनेरसारखाच कमी पावसाचा मुलूख. अशा गावांना पाण्याची बोंब असते, पण पावसाळा सरला की रात्री आभाळ असं काही उघडतं की बघत राहावं. कोकणातल्या माणसाला ते जास्तच जाणवलं असेल असं मला आपलं वाटतं.

आता मुख्य भानगडीकडे येते. भानगड होती पंचांगाची.

पंचांग म्हणजे खरं तर आकाशाचं टाइमटेबल. चंद्र कुठे असेल, ग्रहण किती वाजता लागेल, शुक्र कधी दिसायचा बंद होईल, सगळं आधीच गणिताने काढून छापलेलं. महाराष्ट्रात हे गणित चालायचं 'ग्रहलाघव' नावाच्या ग्रंथावरून. तो लिहिला गणेश दैवज्ञांनी, शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली. हे गणेश दैवज्ञ नांदगावचे. दीक्षित ज्या रेवदंड्याला हेडमास्तर होते, तिथून किनाऱ्याने खाली गेलं की काशीदच्या पुढे ते गाव लागतं. गणेश दैवज्ञांची करामत अशी, की त्यांनी साइन-कोसाइन न वापरता ग्रहांचं गणित बसवलं. गावातल्या जोशीबुवांनाही बेरीज-वजाबाकी-गुणाकारावर ग्रह काढता यावा इतकं सोपं. (आपल्या एम-थ्रीच्या सिलॅबसला असा गणेश दैवज्ञ कधी भेटणार?) आणि ते सूत्र त्यांच्या काळात आभाळाशी जुळतही होतं.

पण सूत्रात थोडीशीही चूक असली की ती दर वर्षी साठत जाते. क्युम्युलेटिव्ह एरर! आमच्याकडे टेप एक मिलिमीटर लांब असला तर शंभर वेळा टाकल्यावर दहा सेंटिमीटर जातात, तसंच. साडेतीनशे वर्षांनी पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आभाळातला दुसरीकडे अशी अवस्था आली. हे आधी ओळखलं ते केरूनाना छत्र्यांनी. त्यांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे १८६० मध्ये 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' छापली, आणि पुढे त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघालं. तरीही बहुतेक घरांत जुनंच पंचांग. एकाच गावात दोन पंचांगं, त्यांत वेगळ्या वेळा, आणि लोक भांडणार कुठलं खरं यावर. बाहेर अंगणात जाऊन बघायचं कोणाला सुचत नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. पण मीच ऑगस्टमध्ये काय केलं? ॲप उघडलं.

दीक्षित या वादात पडले ते एका वेगळ्याच टोकाकडून. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग सुरू केलं. सायन म्हणजे काय हे मला आजोबांकडून तीनदा समजावून घ्यावं लागलं. थोडक्यात असं. ऋतू ज्या वर्षाने चालतात ते वर्ष, आणि सूर्य त्याच ताऱ्यापाशी परत येतो ते वर्ष, यांत साधारण २० मिनिटांचा फरक आहे, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ७० वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपलं नेहमीचं पंचांग ताऱ्यांच्या वर्षावर चालतं, म्हणून मकर संक्रांत पुढे पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस संक्रांतीचा होता. आता संक्रांत १४ जानेवारीला असते, एखाद्या वर्षी १५ ला. आणि सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच! तेव्हा सण ऋतूंशी, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्याशी बांधा, असं या तिघांचं म्हणणं. लोकांनी ते फारसं मानलं नाही. तीळगूळ डिसेंबरात खायचा ही कल्पना कोणाच्या पचनी पडणार? दीक्षित तरी पंचांगाच्या कामात राहिले ते राहिलेच.

यावरून दिवाळीची गोष्ट आठवली. २०२५ ला लक्ष्मीपूजन देशात बऱ्याच ठिकाणी २० ऑक्टोबरला झालं आणि आपल्याकडच्या पंचांगांत २१ ला होतं. आमच्या होस्टेलच्या ग्रुपवर त्यावरून केवढी जुंपली! माझी यूपीची रूममेट म्हणे आदल्या दिवशी, मी म्हणे दुसऱ्या दिवशी. घरी गेल्यावर आजोबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की अमावास्या २० ला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागते आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या जरा आधी संपते, हे सगळ्यांच्या गणितात सारखंच आहे. भांडण फक्त शास्त्रार्थाचं, कुठली संध्याकाळ धरायची याचं. दीक्षितांच्या काळात गणितातच मेळ नव्हता. तो मेळ आज बसला आहे याचं श्रेय छत्रे, दीक्षित आणि त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांचं.

आणि त्या वेळी मी लवकर उठले. २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी, पहाटे सव्वापाच. उटणं लावायच्या आधी गच्चीवर. (होस्टेलला हे शक्य नाही. मुलींच्या होस्टेलची गच्ची बंद असते आणि मुख्य दार सहाला उघडतं. सहाला आभाळात काय उरतं? मुलांच्या होस्टेलची गच्ची रात्रभर उघडी असते असं ऐकून आहे. असो.) गुरू जवळजवळ डोक्यावर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी. दक्षिणेला व्याध लखलखत होता, मृग पश्चिमेला कललेला. पूर्वेला सुप्याच्या एमआयडीसीचा पिवळट उजेड, त्यात पवनचक्क्यांचे लाल दिवे. तिकडेच बघत उभी राहिले. साडेपाचनंतर त्या उजेडाच्या वर शुक्र स्पष्ट झाला, आणि त्याच्याजवळच चंद्राची कोर. इतकी बारीक, की नखाची कड वाटावी. चंद्राचा उरलेला काळा भागही पुसट दिसत होता. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडाने दिसतो हे मी शिकले होते, पाहिलं पहिल्यांदा. हात लांब केला, बोटं मोजली. तीन, पण नक्की तीन नाही, थोडी फट राहत होती. ॲपमधला आकडा वेगळं सांगत होता. तरी वहीत माझाच आकडा लिहिला.

त्याच सुट्टीत एका पहाटे अंतराळ स्थानकही दिसलं. न लुकलुकता सरकणारा एक ठिपका, विमानासारखे दिवे नाहीत, आवाज नाही. साधारण ४०० किलोमीटर उंचीवर दीड तासात पृथ्वीला एक फेरी. आपल्याकडे अजून अंधार असतो तेव्हा तिथे वर ऊन पडलेलं असतं, म्हणून ते चमकतं. म्हणूनच असे उपग्रह पहाटे किंवा संध्याकाळीच बघायचे, मध्यरात्री सहसा नाही, तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत असतात. ॲपने दिलेल्या मिनिटाला ते बरोबर उगवलं. आजोबांना सांगितलं तर त्यांना स्थानकापेक्षा त्या मिनिटाचंच कौतुक वाटलं. गणिताने आधी सांगितलं आणि आभाळाने हो म्हटलं, दीक्षितांना पंचांगात हेच हवं होतं.

गणित आणि आभाळ यांची सांगड दीक्षितांनी उलट दिशेनेही लावली. हा भाग मला सगळ्यात आवडला. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथे बुधगुप्त राजाच्या काळातला एक खांब आहे. त्यावर वर्ष कोरलंय १६५, तिथी आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार गुरुवार. पण १६५ कुठून मोजायचं? गुप्त संवत कधी सुरू झाला यावर विद्वानांचे तट पडले होते. फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी गुप्तांच्या शिलालेखांचा मोठा ग्रंथ तयार करत होते, तो १८८८ मध्ये निघाला. त्यांना तारखांचं गणित करून दिलं ते बार्शीच्या शाळेतल्या दीक्षित मास्तरांनी. चंद्र-सूर्य मागे मागे नेत ते त्या दिवसापर्यंत पोचले. उत्तर आलं गुरुवार, २१ जून ४८४. तिथी जमली, वारही जमला. म्हणजे गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमाराचा. चौदाशे वर्षांपूर्वी कोणा पाथरवटाने कोरलेल्या एका वाराला हा ताळा लागला! मी कॅलक्युलेटर घेऊन २१ जून ४८४ चा वार काढून पाहिला. गुरुवारच येतो. (यावेळी खरंच काढला.)

१८९२ मध्ये, धुळ्याला असताना, 'ज्योतिर्विलास' निघालं. हे पंडितांसाठी नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे. चंद्र, ग्रह, तारे, सगळं जेवण झाल्यावर अंगणात बसून कोणी दाखवावं तशा भाषेत. भाषा जुनी, वाक्यं लांब, पण एकदा लय सापडली की माझ्यासारखीलाही वाचता येतं. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्नार्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने गुरूचा पाचवा चंद्र शोधला. तोवर गॅलिलिओपासून पावणेतीनशे वर्षं गुरूला चारच चंद्र होते. आज नव्वदच्या वर मोजले आहेत. साध्या दुर्बिणीतून मात्र अजून तेच चार दिसतात. दिवाळीत शेजारच्या काकांची दुर्बीण मागून आणली तर मला तीन दिसले. चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असेल. मी तीनच लिहिले.

दीक्षितांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'भारतीय ज्योतिःशास्त्र'. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठी म्हणून लिहायला घेतलं, बराचसा ग्रंथ बार्शीच्या वर्षांत झाला, छापून यायला १८९६ उजाडलं. वेदकाळापासून थेट त्यांच्या स्वतःच्या काळापर्यंत भारतात आकाशाचा अभ्यास कोणी कसा केला याचा इतिहास, आणि तो मराठीत. त्याच वर्षी लंडनला रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबरचं 'द इंडियन कॅलेंडर' निघालं. जुन्या तिथ्यांवरून इंग्रजी तारीख काढायची कोष्टकं त्यात आहेत, आणि शिलालेख वाचणारे लोक ते अजून वापरतात. मॅट्रिक झालेला मास्तर, एकाच वर्षात दोन भाषांत, दोन खंडांत! आमच्याकडे दोन बॅकलॉग सुटले तरी पार्टी होते.

यातलाच एक शोध सांगायलाच हवा. शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांबद्दल एक विधान आहे, की बाकीची नक्षत्रं पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. असल्या वाक्यांवरून लोक सहसा पुढे जातात. दीक्षित थांबले. त्यांना माहीत होतं की आता कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. मग त्या कधी उगवत असतील? अक्षाच्या त्या संथ डुलण्याचा हिशेब मागे नेला तर इसवी सनापूर्वी सुमारे ३००० हा काळ येतो. १८९५ मध्ये त्यांनी हे 'इंडियन अँटिक्वरी'त मांडलं. त्या वाक्याचा अर्थ तसा घ्यावा का यावर विद्वान अजून वाद घालतात, आणि घालू देत. मला त्यातलं थांबणं आवडलं. भाऊबीजेच्या रात्री सव्वाआठला मी पुन्हा गच्चीवर गेले. फटाक्यांच्या धुरातून कृत्तिकांचा पुंजका नुकताच वर आला होता. मोबाइलच्या होकायंत्राने पूर्व धरली. पूर्व होती सुप्याच्या उजेडाच्या जराशी डावीकडे. तिथून मुठी मोजत गेले (लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे साधारण १० अंश), तर कृत्तिका दोन-अडीच मुठी उत्तरेला. गणितानेही आमच्या पारनेरात त्या २५ अंश उत्तरेला उगवतात. खाली येऊन आजोबांना दोन मुठींपेक्षा जास्त आणि तीनपेक्षा कमी असं सांगितलं. ते बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी हिशेब करत बसले.

पुण्याला आल्यावर दीक्षितांना फार वर्षं मिळाली नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये ते गेले. वय ४४. दोन्ही मोठे ग्रंथ निघून जेमतेम दोन वर्षं झाली होती. 'भारतीय ज्योतिःशास्त्र'चं इंग्रजी भाषांतर भारत सरकारने दोन भागांत काढलं, १९६९ आणि १९८१ मध्ये. म्हणजे मराठी येणाऱ्यांना जे १८९६ पासून वाचता येत होतं, त्यासाठी इंग्रजीवाल्यांना ७३ वर्षं थांबावं लागलं. कॉन्व्हेंटची असूनही मला या वाक्याचा आनंद का होतोय कोण जाणे. आणि सायन वर्ष? १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून देशाचं अधिकृत सौर पंचांग सुरू झालं. ते ऋतूंच्या वर्षावर चालतं. त्यात पौष महिना सुरू होतो २२ डिसेंबरला, सूर्य उत्तरेला वळतो तेव्हाच. घरात ते कोणी पाळत नाही, ते भेटतं फक्त सरकारी कागदावर आणि रेडिओवर.

नोव्हेंबरमध्ये नगरला (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायची आहे) आजोबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी गेले ती नाताळच्या सुट्टीत. २६ डिसेंबरच्या पहाटे आम्ही दोघं गच्चीवर. मी स्वेटर-शाल, आजोबा कानटोपी आणि घोंगडी. खाली रेडिओवर शुक्रवार, भारतीय सौर ५ पौष, शके १९४७ असं सांगून झालं. आजोबांनी मला काही विचारलं नाही. पश्चिमेकडे वळले, डावा डोळा हाताने झाकला आणि गुरू स्वतः शोधला. बराच वेळ बघत होते.

मग पूर्वेकडे वळून शुक्राचं विचारलं. पंचांगात शुक्राचा अस्त होता, त्यापायी आमच्या शेजारचं एक लग्न फेब्रुवारीवर गेलं होतं. ६ जानेवारीला शुक्र सूर्याच्या बरोब्बर मागे जाणार, म्हणजे डिसेंबरअखेर तो सूर्याच्या उजेडात बुडालेलाच असणार, हे मला ठाऊक होतं. आजोबांनाही ठाऊक होतं. तरी सुप्याकडचे दिवे फिके होऊन सूर्य वर येईपर्यंत मी कठड्याशी उभी राहून बघितलं. मग वही काढली, तारीख लिहिली, वेळ लिहिली, गुरूपुढे आजोबांच्या नावाने नोंद केली, आणि शुक्रापुढे लिहिलं, दिसला नाही. आजोबांनी वही मागून घेतली, उजव्या डोळ्याजवळ धरून वाचली, आणि आता खाली जाऊन चहा टाक म्हणाले.